खसऱ्यात नाव नसलं तरी मुआवज्यात हक्क आहे

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. हातोद तहसिलीत त्यांच्या वडिलांची सहा बिघे जमीन. वडील गेल्यावर खसऱ्यात (जमिनीच्या महसुली नोंदीत) दोन्ही भावांची नावं चढली. या ताईंचं आणि धाकट्या बहिणीचं नाव चढलंच नाही. आता इंदूरचा पश्चिम आउटर रिंग रोड त्या जमिनीच्या मधून जातोय. दीड बिघा संपादनात गेली, उरलेली जमीन रस्त्याच्या दोन बाजूंना राहिली. विहीर एका बाजूला, गहू-सोयाबीनचं बरंचसं शेत दुसऱ्या बाजूला. गावाकडून येणारी वाट जिथे मोठ्या रस्त्याला मिळायची, तिथे नवा जंक्शन होणार असल्याने ती वाट बंद होईल असं पटवारी म्हणतो. मोठ्या भावाच्या नावे मुआवज्याची, म्हणजे जमिनीच्या मोबदल्याची, नोटीस आली आहे आणि "बहिणींनी एका स्टॅम्पवर सही दिली तर पैसे लवकर मिळतील" असं तो म्हणतो. शिवाय त्यांच्या आत्याची चोरलकडे थोडी जमीन आहे. तिथे खंडवा रोडचा बोगदा जमिनीखालून जाणार, म्हणून "तुम्हाला काहीच मिळणार नाही" असं आत्याला कुणीतरी सांगितलंय. ताई विचारतात: रस्ता थांबवता येईल का, आमचा वाटा मिळेल का, आणि उरलेल्या जमिनीचं काय?

ताई, आधी स्टॅम्पचं. त्यावर सही करू नका. भावाची नियत वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. बहुतेक घरांत हे कुणा दलालाने किंवा कार्यालयातल्या माहीतगाराने सुचवलेलं असतं. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर त्याची रजिस्ट्री व्हावी लागते, नुसत्या नोटरीच्या कागदाने जमिनीतला हक्क जात नाही हे खरं. पण त्याच कागदावर "मुआवजा भावाने घ्यावा, माझी हरकत नाही" असं लिहिलेलं असतं, आणि पुढे कोर्टात तो कागद तुमच्याच विरोधात ठेवला जातो. पैसे लवकर मिळायला बहिणींच्या सहीची गरज नाही. चौघांचे हिस्से लिहून चौघांनी एकत्र अर्ज दिला तरी पैसे तितक्याच लवकर निघतात. भावाला हाच पर्याय द्या. अनेक घरं इथेच वाचतात.

रस्ता थांबणार नाही. क्षिप्रापासून पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रापर्यंत सुमारे ६४ किलोमीटरचा हा रस्ता सांवेर, हातोद आणि देपालपूर तहसिलींतून जातो. जमीन घेतली जाते ती राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ खाली. या कायद्यात आधी कलम ३-ए ची अधिसूचना निघते, ती राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांत कलम ३-सी खाली हरकत घ्यायची, ती ऐकून घेतल्यावर ३-डी ची घोषणा. ३-डी निघाली की जमीन त्याच क्षणी केंद्र सरकारची होते, कोणताही बोजा न राहता. तुमचे २१ दिवस गेले आहेत. स्थगिती मागायला दिवाणी कोर्टात जाल तर विशिष्ट दिलासा कायद्यात २०१८ साली घातलेलं कलम २०-ए आडवं येतं. रस्त्यासारख्या प्रकल्पाला खोळंबा होईल असा मनाईहुकूम कोर्ट देऊ शकत नाही. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात याचिका करता येते, पण प्रक्रियेत ठोस चूक दाखवता आली तरच तिला अर्थ आहे. एक चूक मात्र जरूर तपासा: ३-ए आणि ३-डी यांच्यात एका वर्षापेक्षा जास्त अंतर पडलं असेल आणि मध्ये कोर्टाची स्थगिती नसेल, तर पहिली अधिसूचना आपोआप रद्द होते. दोन्ही राजपत्रांची प्रत काढा. तुमचा खसरा नंबर आणि क्षेत्रफळ दोन्हीकडे तेच आहे का, हे बोट ठेवून वाचा. बटांकन झालेल्या (तुकडे पाडून पोटनंबर दिलेल्या) खसऱ्यांत १२/१ आणि १२/२ यांची अदलाबदल झालेली असू शकते.

या कायद्यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट अशी की सूचना वर्तमानपत्रात छापली की ती सगळ्यांना मिळाली असं धरलं जातं, आणि प्रत्यक्ष नोटीस जाते ती खसऱ्यात ज्यांचं नाव आहे त्यांच्याच घरी. वडील गेल्यावर मुलांची नावं चढतात, मुलींची राहून जातात; माळव्यात हे घरोघरी आहे, आपल्या मराठी घरांतही आहे. त्यामुळे संपादनाची पूर्ण प्रक्रिया होऊन जाते आणि ज्या बाईचा त्या जमिनीत चौथा हिस्सा आहे, तिला रस्ता आखून झाल्यावर कळतं. नामांतरण, म्हणजे खसऱ्यातलं नाव बदलणं, हा महसुलाचा हिशेब आहे, मालकीचा निकाल नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६४ नुसार शेतजमिनीचा वारसा व्यक्तिगत कायद्याने ठरतो, म्हणजे तुमच्या बाबतीत हिंदू वारसा कायद्याने. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि आई हयात नसेल, तर चार मुलांचे चार समान हिस्से. जमीन वडिलोपार्जित असेल तरी २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा विनीता शर्मा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुलीला मुलाइतकाच हक्क देतात.

आता हा हक्क मुआवज्यापर्यंत कसा न्यायचा. मुआवज्याची रक्कम आधी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे साधारणपणे एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे), जमा होते आणि तिथून वाटली जाते. जोवर पैसे तिथे आहेत तोवर तुमचं काम सोपं आहे. भावाच्या खात्यात गेले की तुम्हाला भावावर दावा लावावा लागेल, आणि तो वर्षानुवर्षं चालेल. म्हणून याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. त्यात खसरा नंबर, वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, चारही वारसांची नावं आणि नातं लिहा. मृत्यूचा दाखला आणि वडिलांच्या नावाचा जुना खसरा जोडा. शेवटी स्पष्ट मागणी: कलम ३-एच (३) खाली हिस्से ठरवावेत, आणि हिश्शांबद्दल वाद असल्यास कलम ३-एच (४) खाली प्रकरण जिल्ह्याच्या प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे पाठवावं, तोवर रक्कम वाटू नये. वाटपावरून भांडण असेल तर ते मिटवण्याचा अधिकार एसडीएमचा नाही, प्रकरण कोर्टाकडे पाठवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने विनोद कुमार विरुद्ध मऊचे जिल्हाधिकारी या खटल्यात २०२३ साली स्वच्छ सांगितलं आहे. त्या निकालाची प्रत अर्जाला लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "ठेवून जा, साहेबांना देतो" यावर भरवसा ठेवू नका. तीच प्रत राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाच्या इंदूरच्या प्रकल्प संचालकांना स्पीड पोस्टाने पाठवा.

नामांतरणाचा अर्जही सोबत तहसीलदाराकडे टाका. त्याच्या निकालाची वाट पाहत मुआवज्याचा अर्ज मात्र अडवून ठेवू नका.

रक्कम बरोबर आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. महामार्ग कायद्यात मुळात सोलेशियम, म्हणजे जमीन सक्तीने जाते म्हणून किमतीवर मिळणारी जादा रक्कम, नव्हतं. केंद्र सरकारच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी इथेही लागू झाल्या, आणि २०१९ मध्ये तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच्या जमीनमालकांनाही सोलेशियम आणि व्याज द्यायला लावलं. हिशेब असा होतो. ३-ए ची अधिसूचना ज्या दिवशी छापली त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा. त्यासाठी कलेक्टर गाइडलाइनचा (सरकारने ठरवलेला) दर, आणि मागच्या तीन वर्षांत आसपासच्या तशाच जमिनींच्या ज्या रजिस्ट्र्या झाल्या त्यांतल्या चढ्या किमतीच्या निम्म्या रजिस्ट्र्यांची सरासरी, यांतला जो आकडा मोठा तो घ्यायचा. त्याला ग्रामीण गुणांकाने, म्हणजे खेड्यातल्या जमिनीसाठी राज्य सरकारने ठरवलेल्या आकड्याने, गुणायचं, विहीर-झाडं-पाइपलाइन यांची किंमत मिळवायची, आणि येईल त्या रकमेइतकंच सोलेशियम वर. शिवाय बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (मुआवजा ठरवणाऱ्या आदेशापर्यंत) किंवा ताबा जाईपर्यंत, जे आधी होईल तोवर, वर्षाला १२ टक्के.

उदाहरण म्हणून समजा तुमच्या दीड बिघ्याचा बाजारभाव २० लाख आणि विहीर-झाडं मिळून ३ लाख. गुणांक १ असेल तर २३ लाख अधिक सोलेशियम २३ लाख, म्हणजे ४६ लाख, आणि १२ टक्क्यांची रक्कम वेगळी. गुणांक २ असता तर हेच ८६ लाख झाले असते. मध्य प्रदेश सरकारने २०१४ साली ग्रामीण भागासाठी गुणांक १ ठेवला, आणि शेतकऱ्यांचा त्याला असलेला विरोध तेव्हापासूनचा आहे. तुमच्या निवाड्याला ज्या अधिसूचनेचा गुणांक लागू होतो तोच लावलाय ना, ते निवाड्याच्या तक्त्यात पाहा.

त्याच तक्त्यात आणखी एक रकाना बघा: जमीन सिंचित लिहिली आहे की असिंचित. तुमच्या पत्रात विहीर आहे, म्हणजे जमीन ओलिताची आहे, पण खसऱ्यात विहिरीची नोंद वडिलांच्या काळापासून झालीच नसेल, तर पटवारी असिंचित लिहितो आणि गाइडलाइनचा खालचा दर लागतो. सोलेशियम त्याच आकड्यावर असल्याने तूट दुप्पट होते. वीज मंडळाच्या पंपाच्या जोडणीचं जुनं बिल शोधा. मोटर कुणाच्या नावावर आहे आणि जोडणी कधीची आहे हे त्यावर असतं. दहा साक्षीदार ज्या गोष्टी सांगतील त्यापेक्षा ते एक बिल जास्त बोलतं. दोन पिकांच्या गिरदावरीच्या (पीक पाहणीच्या) नकला काढा: रब्बीचा गहू नोंदलेला असेल तर पाणी होतं हे आपोआप सिद्ध होतं.

जमीन दोन तुकड्यांत फाटली याचा मुआवजा वेगळा असतो, आणि तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही. कलम ३-जी (७) मध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: उरलेल्या जमिनीपासून तुकडा तोडल्याने झालेलं नुकसान, संपादनामुळे तुमच्या दुसऱ्या मालमत्तेला किंवा कमाईला बसलेला फटका, आणि राहण्याची किंवा धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्च. हे मागताना "आमचं फार नुकसान झालं" असं लिहून चालत नाही. नजरी नकाशा काढा, त्यावर विहीर, दोन्ही तुकडे आणि अंडरपास दाखवा. आज शेताच्या दुसऱ्या टोकाला जायला जे अंतर आहे, ते रस्ता झाल्यावर अंडरपासला वळसा घालून किती होईल, ते मोजून लिहा. पाणी तोडलं जाणाऱ्या बाजूला नवी बोअर घ्यायची झाली तर खर्चाचं कोटेशन लावा. एक नोंदणीकृत मूल्यांकनकार घ्या. त्याची फी अंगावर येईल, पण चौघांत वाटली तर जड नाही. काहीजण तुम्हाला २०१३ च्या कायद्याचं कलम ९४ दाखवतील, की अर्धवट घ्यायचं असेल तर पूर्णच घ्या. ते इथे सरळ लागू होत नाही: २०१५ च्या आदेशाने मोबदला आणि पुनर्वसनाच्या अनुसूची आणल्या, सगळा कायदा आणला नाही. त्यावर वेळ घालवू नका.

पाण्यासाठी एक काम मुआवज्यापेक्षाही निकडीचं आहे. रस्त्याचा भराव पडण्याआधी प्रकल्प संचालकांना अर्ज करा, की विहिरीचं पाणी पलीकडे नेण्यासाठी भरावाखालून आडवा पाइप टाकू द्यावा, आणि तो कोणत्या खसऱ्यातून कोणत्या खसऱ्यात जाईल हे नकाशावर दाखवा. मुरूम टाकून रोलर फिरला की सहापदरी रस्ता खोदून पाइप टाकायची परवानगी मिळवणं महाकठीण. ठेकेदाराचे लोक जागेवर असतात तेव्हा हे काम होऊन जातं. तोंडी "टाकून देऊ" म्हणतील. लेखी परवानगी हातात असू द्या, नाहीतर पुढे पाइप अनधिकृत ठरेल.

जंक्शनपाशी बंद होणाऱ्या वाटेचं तसंच आहे. प्रवेश-नियंत्रित रस्ता झाला की तुमच्या शेतातून थेट त्यावर गाडी चढवता येणार नाही. राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायदा, २००२ नुसार महामार्गावर प्रवेशाला परवानगी लागते. म्हणून मागणी सर्व्हिस रोडची आणि अंडरपासची करा, तीही गावातल्या दहा-बारा खातेदारांनी मिळून, ग्रामपंचायतीच्या ठरावासह. इंदूरच्या बायपासवर राऊ सर्कल, एमआर-१० आणि अर्जुन बड़ौदला पुलांची कामं हाती घ्यावी लागली, ती मोठ्या रस्त्यावर स्थानिक वाहनं एकाच पातळीवर येऊन मिळत होती म्हणूनच. नव्या रिंग रोडवर ही चूक आधीच टाळायची असेल, तर जंक्शनच्या नकाशावर गावकऱ्यांनी आत्ता बोलायला हवं. वाटेत दुसऱ्याचं शेत अडथळा करत असेल, तर भू-राजस्व संहितेच्या कलम १३१ खाली तहसीलदाराकडे जाता येतं.

पैसे घ्यायचे की नाही? घ्या. नाकारल्याने काही होत नाही, रक्कम जमा झाली की ताबा जातोच. पावतीवर "रक्कम मान्य नाही, हरकत राखून स्वीकारली" असं लिहा. मग कलम ३-जी (५) खाली केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जा. या कलमात मुदत लिहिलेली नाही, म्हणून लोक निवांत राहतात. तीन वर्षांपलीकडे गेलात तर मुदतबाह्य ठरण्याचा धोका मोठा. आणि लवादापुढे पहिल्या दिवसापासून सगळे पुरावे ठेवा. त्याच्या निवाड्याविरुद्ध तीन महिन्यांत, फार तर आणखी ३० दिवसांत, लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात जाता येतं, पण तिथे बाजारभाव नव्याने मोजून मिळत नाही; एम. हकीम खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने महामार्गाच्याच मुआवज्याबाबत हे सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२५ च्या निकालाने निवाड्यात बदल करायला थोडी जागा दिली आहे, पण तिच्या भरवशावर रजिस्ट्र्या आणि वीजबिलं घरी ठेवून लवादाकडे जाणं म्हणजे खटला सुरुवातीलाच हरणं. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताब्यापासून ९ टक्के व्याज मिळतं. करासाठी निवाडा सीएला दाखवा. मुआवजा आणि व्याज यांचा कराचा हिशेब वेगवेगळा आहे.

राहिली आत्याची जमीन. "काहीच मिळणार नाही" हे चूक आहे. जमिनीची मालकी फक्त वरच्या मातीपुरती नसते. पोटातल्या जमिनीवरही मालकाचा हक्क असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने थ्रेसियम्मा जेकब खटल्यात २०१३ साली म्हटलं आहे. तेजाजी नगरपासून पुढे खंडवा रोडवर भेरूघाट आणि चोरल घाटात बोगदे आहेत; आत्याच्या खसऱ्याखालून त्यातला कोणता जातो का, हे आधी आखणीच्या नकाशावरून पक्कं करा. जात असेल तर तिथे दोन शक्यता. जमीनच संपादित केली असेल तर पूर्ण मुआवजा. फक्त खालून वापराचा हक्क घेतला असेल तर कलम ३-जी (२) प्रमाणे जमिनीच्या ठरलेल्या रकमेच्या १० टक्के. आत्याचा खसरा नंबर कोणत्याही अधिसूचनेत नसेल आणि तरी बोगदा खालून जातोय, तर माहितीच्या अधिकारात विचारा, कोणत्या कलमाखाली.

आत्याकडे विहीर किंवा बोअर असेल, तर बोगद्यात स्फोट सुरू होण्याआधी पाण्याची पातळी दोरी सोडून मोजा, वर्तमानपत्राचं त्या दिवशीचं पान शेजारी धरून फोटो काढा, घराच्या भिंतींचेही काढा, आणि पटवाऱ्याकडून पंचनामा करून घ्या. नंतर पाणी आटलं किंवा तडे गेले, तर "आधीपासूनच होतं" असं ठेकेदार म्हणणार, आणि त्या वेळी आत्याच्या हातात दाखवायला काहीतरी असायला हवं.

तुमच्या धाकट्या बहिणीलाही सांगा: तिचा अर्ज वेगळा, तिच्या सहीचा द्यायचा. तुमच्या अर्जात तिचं नाव वारस म्हणून येईल, पण तिची मागणी तिनेच मांडलेली असावी. ती इंदुराबाहेर असेल तर मुखत्यारपत्र तुमच्या नावे करून पाठवू दे. अर्ज देऊन झाल्यावर निवाड्याची नक्कल, दोन्ही राजपत्रं आणि जुना खसरा घेऊन या. ३-ए आणि ३-डी मधल्या तारखा मी स्वतः तपासून देईन.